तीस सेकंदांची बाकी

एप्रिल 2013. शनिवारची दुपार. लीड्सपासून अर्ध्या तासावरच्या गावात माझ्या काकांचं घर आहे. त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर काकूंनी हिरवी चादर अंथरली होती. चादरीवर स्क्रॅबलच्या सोंगट्या पालथ्या मांडल्या होत्या, स्वर एकीकडे, व्यंजनं दुसरीकडे. काकांनी जुन्या व्हिजिटिंग कार्डांच्या मागे आकडे लिहिले होते. काकूंच्या मांडीवर ऑक्सफर्डचा जाडजूड एकखंडी कोश होता आणि माझ्या हातात सेकंदकाट्याचं घड्याळ. टेबलाच्या एका टोकाला शेजारचे मास्तर बसले होते. शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीच्या आसपासचे. समोर बसलेल्या बाई पेनाइन्सच्या डोंगरापलीकडून, लँकेशायरमधून, दोन गाड्या बदलून आल्या होत्या. त्या निवृत्त ग्रंथपाल. दोघांची ही दुसरी भेट. पहिली झाली होती 1990 च्या दशकात, लीड्सच्या स्टुडिओत, दिव्यांच्या झोतात, आणि त्या भेटीत मास्तर हरले होते.

त्या कार्यक्रमाचं नाव 'काउंटडाउन'. ब्रिटनमध्ये दुपारच्या चहाच्या वेळी घरी असलेल्या माणसाला, म्हणजे निवृत्तांना, आजाऱ्यांना, कॉलेजच्या पोरांना आणि रात्रपाळी करून आलेल्या नर्सना, तो माहीत नाही असं सहसा होत नाही. काका तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टर होते. रात्रपाळी संपवून झोपायचे, उठायचे ते या कार्यक्रमाला. काकू म्हणायच्या, "यांना मी हाक मारून उठवत नाही, ते संगीतच उठवतं."

चॅनल फोर ही वाहिनी 2 नोव्हेंबर 1982 ला सुरू झाली आणि तिच्यावर दिसलेला पहिला कार्यक्रम हाच. मूळ कल्पना फ्रान्सची. आर्मां जामो यांनी 1965 मध्ये तिथल्या टीव्हीवर सगळ्यात लांब शब्द शोधण्याचा खेळ आणला. पुढे त्यात आकडे आले आणि 1972 पासून त्याचं नाव झालं 'दे शिफ्र ए दे लेत्र', म्हणजे आकडे आणि अक्षरं. यॉर्कशायर टेलिव्हिजनने तो लीड्सला आणला, किर्कस्टॉल रोडवरच्या स्टुडिओत. रिचर्ड व्हाइटली सूत्रसंचालक. संध्याकाळी स्थानिक बातम्यांचा कार्यक्रमही तेच करायचे, म्हणून यॉर्कशायरच्या लोकांना ते दिवसातून दोनदा दिसत. गणितासाठी कॅरल व्होर्डरमन, केंब्रिजची इंजिनिअर. वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून तिच्या वतीने अर्ज केला होता तिच्या आईने. व्हाइटली 2005 मध्ये गेले, तोवर ते त्या खुर्चीत होते. व्होर्डरमन 2008 च्या अखेरीपर्यंत राहिली. मग रेचल रायली आली. शब्दकोशाच्या कोपऱ्यात बसणाऱ्या सुझी डेंट मात्र 1992 पासून आहेत.

खेळ साधा आहे. दोन स्पर्धक. एकाने स्वर किंवा व्यंजन मागायचं, अशी नऊ अक्षरं फळ्यावर लागतात. तीस सेकंदांत त्यातून जमेल तितका लांब शब्द करायचा. सात अक्षरांचा शब्द तर सात गुण, आठला आठ, नऊच्या नऊ लागली तर एकदम अठरा. ज्याचा शब्द लांब त्यालाच गुण, सारखा असेल तर दोघांना. आकड्यांच्या फेरीत सहा आकडे मिळतात, लहान म्हणजे 1 ते 10, प्रत्येकी दोन पाट्या, आणि मोठे 25, 50, 75, 100, प्रत्येकी एक. यंत्र तीन अंकी संख्या देतं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून तिथे पोचायचं, एक आकडा एकदाच वापरायचा. नेमकं आलं तर दहा गुण. शेवटी नऊ अक्षरांचं कोडं. अक्षरं उलटीपालटी करून दिलेली असतात, ज्याला आधी सुचेल त्याने बझर दाबायचा. चुकलं तर तुमची संधी गेली आणि उरलेला वेळ समोरच्याचा.

पैसे नाहीत. या कार्यक्रमाबद्दल मला सगळ्यात जास्त आदर आहे तो यासाठी. 1998 च्या डिसेंबरपासून सामना जिंकणाऱ्याला एक चहाची किटली मिळते. ती बाजारात मिळत नाही, जिंकूनच मिळवावी लागते. पूर्ण पर्व जिंकणाऱ्याला ऑक्सफर्डचा वीस खंडांचा थोरला इंग्रजी कोश. पूर्वी तो चामड्याच्या बांधणीत द्यायचे. एका विजेत्याने, प्राण्यांपासून आलेलं काहीच वापरत नाही म्हणून, ते खंड नाकारून सीडी घेतली आणि वाचलेली रक्कम दान केली. ज्या खेळाचं सर्वोच्च बक्षीस शब्दकोश आहे, तो जिंकायला येणारी माणसं कशी असतील याचा अंदाज यावरून यावा.

आता काकांचा आवडता किस्सा. मी तो त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलाय की पाठ झालाय. 1997 मधला भाग. स्पर्धक जेम्स मार्टिन. आकडे आले 25, 50, 75, 100, 3 आणि 6. संख्या 952. तीस सेकंद संपल्यावर मार्टिनने उत्तर आलंय म्हणून सांगितलं. 100 अधिक 6, 106. गुणिले 3, 318. गुणिले 75, म्हणजे 23,850. सगळे हसायला लागले, तीन अंकी संख्येला पोचायला हा माणूस वीस हजारांच्या वर गेला! मग त्याने 50 वजा केले, 23,800, आणि 25 ने भागलं. 952. व्होर्डरमनचा चेहरा अजून लोकांच्या लक्षात आहे.

काका मिरज तालुक्यातल्या एका खेड्यात शिकले. गुरुजींनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, सगळं छडी घेऊन पाठ करून घेतलेलं. ते म्हणतात, "अगं, 75 ने गुणणं म्हणजे आपली पाऊणकीच की! तीनशे पाऊणे सव्वादोनशे. अठरा पाऊणे साडेतेरा. झाले दोनशे साडेअडतीस. त्यावर शंभरपट चढवली की तेवीस हजार आठशे पन्नास." मग 25 ने भागायचं तर चारने गुणून दोन शून्यं उडवायची, दोनशे अडतीस चोक नऊशे बावन्न. मी हे कागदावर करून पाहिलं, खरोखरच बरोबर आहे. याहून सरळ वाटही आहे. 6 गुणिले 75, भागिले 50, झाले 9. त्याने 100 अधिक 3 ला गुणायचं, अधिक 25. तीही 952 वरच पोचते. पण लोकांच्या स्मरणात राहिला तो डोंगर चढून गेलेला माणूस.

आणि एक हिशोब, जो या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे. त्या आकड्यांच्या चोवीस पाट्यांमधून सहा पाट्यांचे वेगवेगळे संच 13,243 होतात. 101 ते 999 या 899 संख्या. गुणाकार केला तर 1 कोटी 19 लाखांच्या वर जातो. अक्षरांचा तर विचारच नको. थोडक्यात, एकदा हातून गेलेला डाव पुन्हा समोर येत नाही. क्रिकेटमध्ये त्याच मैदानावर, त्याच खेळपट्टीवर, त्याच बोलरला पुन्हा खेळता येतं. इथे सुटलेली अक्षरं सुटलीच. परत येऊ शकतो तो फक्त समोरचा माणूस.

म्हणून या खेळात परतीच्या सामन्याला एवढी किंमत आहे असं मला वाटतं. रचनेतच ती सोय ठेवलेली आहे. जिंकणारा पुढच्या भागात राहतो, सलग आठ जिंकले की त्याला सन्मानाने बसवतात, आणि पर्वाच्या शेवटी वरचे आठ जण पुन्हा बोलावले जातात. काही पर्वांनंतर विजेत्यांची आपसात स्पर्धा. 1996 मध्ये तोवरच्या नामवंतांचं 'सुप्रीम चॅम्पियनशिप' झालं, त्यात हार्वी फ्रीमन यांनी अंतिम फेरीत अॅलन सल्डानांना हरवलं. पण खरी मौज आली 2013 मध्ये. कार्यक्रमाला तीस वर्षं झाली म्हणून जानेवारी ते मार्च असे 41 जुने स्पर्धक पुन्हा उतरवले. त्यात नऊ फेऱ्यांच्या जमान्यातले पिकलेले लोक होते आणि 2001 पासून सामना पंधरा फेऱ्यांचा झाला त्यानंतरची तरुण पोरंही. जिंकला कॉनर ट्रॅव्हर्स, जॅक हर्स्टला हरवून. हाच कॉनर 2006 मध्ये चौदा वर्षांचा असताना पर्व जिंकून गेला होता.

तरुणांचं बळ वाढलं त्याला कारण आहे. 2008 पासून 'अॅप्टरस' नावाचा संगणकावरचा खेळ आला, ज्यावर रात्रंदिवस असेच डाव खेळता येतात. अॅप्टरस म्हणजे पंख नसलेला. मास्तरांच्या पिढीने शब्द वाचनातून गोळा केले, या पिढीने सरावातून. त्यावर बरीच कुरबुर होते. मला ती पटत नाही. पाढे पाठ करणाऱ्याला आपण कधी लबाड म्हटलं नाही, मग शब्द पाठ करणाऱ्याला का म्हणावं?

टीव्हीवर पुन्हा बोलावणं येतं ते मोजक्यांना. बाकीच्यांनी आपली सोय स्वतः लावली. ब्रिटनमधल्या निरनिराळ्या गावांत शनिवारी जुने स्पर्धक आणि शौकीन जमतात, पबच्या वरच्या खोलीत किंवा एखाद्या हॉलमध्ये. कार्यक्रमाच्या नावातलं 'को' आणि गावाच्या नावाची सुरुवात जोडून या मेळाव्यांची नावं होतात. लिंकनचा मेळावा 'कोलिन'. एका टेबलावर तिघे. दोघे खेळतात, तिसरा अक्षरं लावतो, वेळ बघतो, मग पाळी बदलते. म्हणजे प्रत्येक जण दोन डाव खेळतो आणि एका डावात इतरांची सेवा करतो. ही तिघांची मांडणी मला फार आवडते. आपल्याकडे भजनात टाळ धरणारा आणि गाणारा आळीपाळीने बदलतो, तसं.

मास्तरांना मेळावे वगैरे जमणारे नव्हते, संगणक तर नाहीच. पण 2013 ची ती तीस वर्षांची स्पर्धा ते रोज काकांकडे येऊन बघत. एक दिवस बघता बघता म्हणाले की त्या बाईंचं पत्र अजून माझ्याकडे आहे. सामन्यानंतर दोघांनी एकमेकांना ख्रिसमसला कार्डं पाठवायला सुरुवात केली होती आणि ती कधी थांबली नव्हती. काकांनी तिथल्या तिथे फोन हातात दिला.

पहिल्या सामन्यात काय झालं होतं, हे त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटच्या कोड्याला दोघे बरोबरीवर. फळ्यावर शब्द आला 'वॉलआफ्टर', म्हणजे 'भिंत' आणि 'नंतर' हे दोन शब्द चिकटवल्यासारखा. मास्तर दर रविवारी यॉर्कशायरच्या डोंगरदऱ्यांत भटकणारे, एस्गार्थचे धबधबे त्यांना अंगणासारखे. तरी भिंत म्हटल्यावर त्यांना भिंतच दिसत राहिली. त्या भागात शेतांच्या बांधाला नुसत्या दगडांच्या भिंती असतात, मैलोन्‌मैल. बाईंनी बझर दाबून सांगितलं, वॉटरफॉल. धबधबा. पुढे कित्येक महिने मास्तर धबधब्याजवळ गेले की बायकोशी बोलत नसत, असं काकू सांगतात.

तर आता आमचं टेबल. जुन्या पद्धतीने नऊ फेऱ्या ठरल्या. सहा अक्षरांच्या, दोन आकड्यांच्या, एक कोडं. ज्या नियमाने हरले त्याच नियमाने खेळायचं, हा मास्तरांचा हट्ट.

मी पहिल्यांदाच हे इतक्या जवळून बघत होते. अक्षर उघडलं की मास्तरांचे ओठ हलत. बाई पेन्सिल आडवी धरून कागदाच्या कडेने अक्षरं गोलात लिहीत, ओळीत नाही. गोलात लिहिलं की डोळ्याला कुठूनही सुरुवात करता येते, असं त्यांनी नंतर सांगितलं. शब्द सांगायच्या आधी अक्षरसंख्या सांगायची, आणि दोघांचा एकच शब्द असेल तर कागद फिरवून एकमेकांना दाखवायचा. पहिल्या फेरीत तसंच झालं. दोन्ही कागद एकाच वेळी वळले आणि दोघांच्या चेहऱ्यावर वीस वर्षं पुसली गेली.

चौथ्या फेरीला अक्षरं आली ती मी वहीत टिपून ठेवली आहेत. एम, ओ, आर, जी, ए, एन, आय, टी, ई. मी घड्याळ लावलं. काका त्या कार्यक्रमाचं संगीत तोंडाने वाजवायला लागले, अॅलन हॉकशॉ यांचं ते तीस सेकंदांचं संगीत ज्याच्या शेवटी घड्याळ कोसळल्यासारखं वाटतं. काकूंनी त्यांना गप्प केलं. बाई म्हणाल्या, आठ. एमिग्रंट. देश सोडून जाणारा. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मास्तर काही क्षण थांबले आणि म्हणाले, नऊ. मॉर्गनाइट. काकू पानं उलटायला लागल्या. गुलाबी छटेचं एक रत्न, बेरिल जातीतलं. अमेरिकन बँकर जे. पी. मॉर्गन यांच्या नावावरून पडलेलं नाव. नावावरून आलं असलं तरी खनिजाचं नाव सामान्य नाम, कोशात आहे, म्हणजे चालतं. अठरा गुण. मास्तरांना हा शब्द कुठून माहीत, असं मी विचारलं. त्या हरलेल्या सामन्यानंतर रोज रात्री झोपताना कोशाचं एक पान वाचायचा त्यांनी नेम केला होता. 'एम' संपवून किती वर्षं झाली तेही त्यांना आठवत होतं.

आकड्यांच्या दोन्ही फेऱ्या दोघांनी नेमक्या सोडवल्या. मधल्या वेळेत काकूंनी चहा आणि बटाटेपोहे आणले. बाईंनी कढीपत्त्याचं पान उचलून बाजूला ठेवलं, मग काकूंना खाताना पाहून परत तोंडात टाकलं.

चहा पिताना बाईंनी काकूंना विचारलं की तुमच्या भाषेत असा खेळ आहे का. काकू सांगलीच्या शाळेत मराठी शिकवायच्या, त्यामुळे त्यांनी फार मनापासून उत्तर दिलं. वर्तमानपत्रातली शब्दकोडी आहेत, त्यात एका चौकटीत एक अक्षर. पण आपलं अक्षर एकटं नसतं. 'क' सुटा मिळाला, काना वेगळा मिळाला, तर त्या सोंगट्या कशा जोडायच्या? 'की' मोडून 'का' करता येईल का? जोडाक्षर एक मोजायचं की दोन? यावर काकूंनी शाळेत एक तोडगा काढला होता. काना, मात्रा, वेलांटी, उकार काहीच नसलेले शब्द शोधायचे. पहिलीच्या पुस्तकात येतात तसे, बदक, मगर, कमळ. पोरं तासभर गुंतून राहायची.

मला वाटतं मराठीत हे जमवायला हवं, आणि जमेल. आपल्याकडे दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आहे, 1932 ते 1938 मध्ये सात खंड निघाले, पुढे 1950 मध्ये पुरवणी. कुणा पोराने दुपारच्या कार्यक्रमात तो जिंकून डोक्यावर उचलून घरी न्यावा, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नियमांचं काम काकूंसारख्या शिक्षकांवर सोपवावं, त्यांनी ते आधीच अर्धं केलेलं आहे.

कोड्याला आलो तेव्हा मास्तर अकरा गुणांनी पुढे होते. म्हणजे बाईंनी दहा मिळवले तरी मास्तरच जिंकणार. कार्यक्रमात अशा वेळी कोड्याला धार उरत नाही. पण कुणीच तसं बोललं नाही. काकांनी मोठ्या कष्टाने 'ऑर्केस्ट्रा' हा शब्द फिरवून आणला होता. सोंगट्या उलटल्या. चार सेकंदांत बाईंनी टेबलावर हात मारला. कार्टहॉर्स. गाडी ओढणारा घोडा.

काका गडबडले. त्यांचं उत्तर ऑर्केस्ट्रा. अक्षरं मोजली. तीच नऊ. एकाच सोंगट्यांतून दोन्ही होतात, इंग्रजी कोड्यांत हे जुनं उदाहरण आहे, काकांच्या ते लक्षात राहिलं नव्हतं. काकूंनी कोश उघडला. कार्टहॉर्स, एकच शब्द. आता काय करायचं? बोलले मास्तरच. उत्तर बरोबर आहे, बाईंना दहा द्या. एका गुणाने जिंकलेला सामना त्यांनी तसाच स्वीकारला, आणि उठून बाईंचा हात हातात घेतला.

मग बाईंनी पर्स उघडली. आतून एक घडी घातलेला, कडा पिवळ्या पडलेला कागद काढला. किर्कस्टॉल रोडच्या स्टुडिओतला, पहिल्या सामन्यातला, आठवण म्हणून नेलेला. गोलात लिहिलेली अक्षरं, जी, ओ, ए, टी, एच, ई, आर, डी, एन. खाली एक शब्द अधोरेखित, ड्रॅगनेट, सात. त्याच फेरीत तोच मास्तरांचाही होता. आणि त्याच्यावर, अर्धवट खोडलेला, आणखी एक. गोटहर्ड. आठ.

तो शब्द त्यांनी तेव्हा सांगितला नव्हता. शेळ्या राखणारा तर खरा, पण एक शब्द की दोन, याची खात्री नव्हती. ग्रंथालयात एवढी वर्षं काढली, हाताशी कोश असताना हा शब्द त्यांनी कधी पाहिला नाही. मुद्दामच. आज इथे पाहायचा होता.

काकू 'जी' वर आल्या. बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं. गोटहर्ड, सलग, एकच शब्द.

बाई बराच वेळ त्या ओळीकडे बघत होत्या. मास्तरांनी आपल्या गुणांच्या कागदावर काहीतरी बदल करायला पेन्सिल उचलली, बाईंनी मान हलवली. मग त्यांनी काकूंना विचारलं की शेळ्यामेंढ्या राखणाऱ्याला तुम्ही काय म्हणता.

"धनगर," काकू म्हणाल्या.

लिहून दाखवा म्हणाल्या. काकूंनी त्या पिवळ्या कागदाच्या कोपऱ्यात, गोटहर्डच्या शेजारी, मोठ्या अक्षरांत लिहिलं. काना नाही, मात्रा नाही. बाईंनी पेन्सिलीच्या टोकाने एकेक अक्षर मोजलं, चार, आणि कागद होता तसा घडी घालून पर्समध्ये ठेवला. त्यांची गाडी सहा वाजून काही मिनिटांनी होती. काका त्यांना स्टेशनवर सोडायला निघाले, आणि मास्तर कोट न घालताच मागोमाग गेले.